सायीच्या झाकणांचं पाखरू

फ्रिजमधल्या आंबट सायीच्या चारही डब्यांची झाकणं गायब झाली, तेव्हा शोल्पानने चोर शोधायचे कष्ट घेतले नाहीत. ती थेट नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

येर्मुखान लिफ्टदुरुस्तीतून निवृत्त झालेला, आणि रिकामं बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. बाहेर कारागांदी शहराचा वारा धडधाकट माणसाला आडवा करतो, तिथे ड्रोनचा काय पाड? म्हणून घरातल्या घरात उडेल असा चार पंख्यांचा लहानसा ड्रोन त्याने करायला घेतला होता. पहिला सांगाडा लाकडी पट्ट्यांचा. तो इतका जड झाला की जमिनीवरच गुरगुरत बसला. दुसरा कबाबाच्या काड्यांचा; तो उडाला, पण दिव्याला धडकून मोडला. तिसरा थर्माकोलचा. तो झकास उडाला आणि पडद्याची झालर कापून खाली आला. म्हणून आता प्रत्येक पंख्याभोवती झाकणाचं गोल कडं.

"अहो, रविवारी आपल्या अयाउलिमला मागणी घालायला माणसं येतायत," शोल्पान म्हणाली. "त्यांच्यासमोर हे पाखरू फडफडलं ना, तर त्याची रवानगी बाल्कनीत. आणि तुमचीही."

बाल्कनीत तेव्हा हिवाळ्याचं मटण गोठायला टांगलेलं होतं. लेकीचं लग्न मोडलं तर आपणही त्याच्याशेजारी टांगले जाऊ, हे ओळखून येर्मुखानने निमूट मान डोलावली.

रविवारी पाहुण्यांची गाडी खाली येईपर्यंत गडी गप्प होता. मग त्याला वाटलं, पंख्यांभोवतीची कडी घट्ट बसलीत का, एकदाच बघू. ड्रोन चालू केला आणि दाराची घंटा वाजली. घाईघाईत ड्रोन कपाटावर गेला, रिमोट चपलांच्या मांडणीवर. बंद करायचं मात्र राहूनच गेलं.

दार उघडलं. मुलाचे आजोबा झुमाताय कोल्ह्याच्या कातड्याची टोपी घालून पुढे, मागे त्यांची सून. शोल्पानने रीतीप्रमाणे पाहुण्यांवर गोळ्या-चॉकलेटं उधळली. शुभकार्यात हात आखडता घ्यायचा नाही, म्हणून जरा जोरातच. एक टणक गोळी रिमोटला लागली, रिमोट पालथा पडला, दांडा पुढे सरकला आणि कपाटावरून पाखरू उठलं.

ते छताला आपटलं, गिरक्या घेत खाली आलं आणि थेट आजोबांच्या टोपीवर बसलं. पंखे घरघरतच होते. येर्मुखानने झडप घालून रिमोट बंद केला. अयाउलिमचे डोळे भरून आले. शोल्पानने बाल्कनीच्या दाराकडे पाहिलं.

आजोबांनी सावकाश टोपी काढली, फिरवून फिरवून पाहिली. झाकणांच्या कृपेने एक केससुद्धा कापला गेला नव्हता.

"सूनबाई," ते म्हणाले, "भाग्य पाखरासारखं डोक्यावर येऊन बसतं, असं माझी आई म्हणायची. म्हातारा झालो वाट बघून बघून. या घरात पाय ठेवला आणि बसलं. आता चहाबिहा नंतर. आधी पोरीच्या कानात आपली कर्णफुलं घाल, म्हणजे सोयरीक पक्की."

लग्न ठरलं. आजोबांची एकच अट होती: लग्नात हे पाखरू दोन्ही घरांतल्या प्रत्येक वडीलधाऱ्याच्या डोक्यावर बसलं पाहिजे.

पाहुणे गेल्यावर शोल्पानने सायीचा नवा डबा उघडला आणि झाकण पुसून नवऱ्याच्या हातात ठेवलं.

"हे जास्तीचं राहू दे जवळ," ती म्हणाली. "आणि पाखराच्या पायांना थोडी लोकर चिकटवा. तुमच्या थोरल्या भावाच्या टकलावरून भाग्य घसरलं, तर जाऊबाई जन्मभर मला बोलतील."