एक्क्याऐंशी किलोंचा ठसा

आमच्या घाटकोपरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सुमनताई परब राहतात. घरी आलेल्याला पाणी देण्याआधी त्या वजन विचारतात. मी सोसायटीचा सेक्रेटरी. पहिल्यांदा गेलो तेव्हा खरा आकडा सांगितला, एक्क्याऐंशी.

"झकास. चपला काढ नि ह्याच्यावर उभा रहा."

खाली पाहिलं तर पोळपाट. त्यावर काळी शाई, शाईवर कागद, कागदावर फळी. पोळ्या लाटायच्या वस्तूवर पाय द्यायचा? मी हादरलोच.

ताई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. आता ठसे काढतात. साती आसरा, म्हणजे विहिरी-तळ्यांत राहणाऱ्या सात देवी, त्यांना काढायच्या आहेत. त्यासाठी इमारतीतल्या बायकांचे जुने पोळपाट मागून आणतात. चित्रात ना बाई, ना देवी. लाकडाच्या रेषा पाण्यासारख्या पसरलेल्या आणि झिजल्या जागी पांढरा डाग. मला काही कळेना.

"ही दुसऱ्या मजल्यावरची देशपांडीण. नवऱ्यावरचा राग तीस वर्षं एकाच बाजूला लाटला तिनं. कड बघ."

कड खरंच खाली गेली होती. चौथी आसरा माझ्या बायकोच्या पोळपाटाची आहे. त्याची कोणती बाजू झिजली, हे मी विचारलेलं नाही.

सहा ठसे झाले. सातवा अकरा दिवस होईना, म्हणून चौकशीला गेलो. ताईंसमोर त्यांच्या आईचा पोळपाट होता. आई गिरणी कामगारांची खाणावळ चालवायची. बावीस माणसं, दोन वेळ, माणशी चार पोळ्या. रोजच्या एकशे शहात्तर. मधला खड्डा मी पट्टीनं मोजला, सहा मिलिमीटर. भेगांत अजून पीठ होतं. शाई लावली की ते जाणार, आणि आईचं दुसरं काहीच उरलेलं नाही. फोटोसुद्धा नाही.

मी म्हटलं, मग शाई लावूच नका, कागद ओला करून तसाच दाबा. ताई कागद भिजवायला उठल्या.

फळी ठेवल्यावर मात्र माझा पाय उचलेना. कुणाच्या तरी आईचा पोळपाट.

"चढ मेल्या. माझ्या आवशीन बावीस जणांचो भार सोसलो, तुझो काय?"

चढलो. पाच मिनिटांनी कागद निघाला तो पांढराफटक. खिडकीशी तिरका धरला तेव्हा एकेक भेग दिसली, आणि तो खड्डा कागदावर उंचवटा होऊन आला होता.

प्रत्येक ठशाखाली ताई पेन्सिलीनं सही करतात. आज पेन्सिल टेकवली आणि थांबल्या. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणाल्या. रेशनच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे अंगठा. मग पहिलीतल्या मुलीला गिरवायला द्यावीत तशा ठळक, सुट्या अक्षरांत त्यांनी लिहिलं, 'लक्ष्मी परब'.

स्वतःच्या नावाला खाली जागा होती. ते लिहिलं नाही.