राजरथास मूळ सायलेन्सर बसविला त्याची हकीकत

श्रीगतिदाता साह्य असो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, ते दिवसीचे वर्तमान ऐसे जे, एके राज्यी धोंडिराजे नांदत होते आणि त्यांचे पदरी पंचवीस वर्षांची एक मोटार होती. कन्या मृणालदेवी यांचे बारशास ती आणिली, सबब राजांनी पण केला की, कन्येस लग्नमंडपी याच रथातून, स्वहस्ते हाकून नेईन. आठ वर्षांमागे राजांस वाटले, रथाचा आवाज क्षीण जाहला, म्हणोन मूळ सायलेन्सर काढोन गर्जणारा नळा घातला, तो ऐसा की गल्लीतील कुत्री रथ दिसण्याआधीच वेस गाठीत. मग लग्न तोंडावर आले आणि राणी कमळजाबाई निकरावर आल्या, "जुना सायलेन्सर बसवा, नाहीतर पोरगी रिक्षाने जाईल!" राजे रागे भरले, परंतु बायकोपुढे कोणाचे चालले आहे? मूळ वस्तू माळ्यावर गोणपाटात निजली होती, ती कासीम मिस्तरींकडे रवाना केली, आणि त्यांनी गंजले बोल्ट तोडोन, नवे रबर घालोन ती जागची जागी बसविली, आणि लग्नाचे आदले दिवशी रथ राजद्वारी आणोन उभा केला.

राजे आसनारूढ जाहले, चावी फिरविली. काहीच नाही. मग पुन्हा फिरविली, तो मिस्तरींनी दोन्ही कान झाकिले. हे काय गौडबंगाल, राजांस उमगेना. "मिस्तरी, रथ मेला की हो!" मिस्तरी गळा फाडोन ओरडले, "सरकार, गाडी चालूच आहे! स्टार्टर जाईल!" राजांनी बॉनेटवरील चहाचा पेला पाहिला, चहा थरथरत होता, आणि ते अधिकच गोंधळले. चहा खोटा की मिस्तरी खोटा? इतक्यात मृणालदेवी जवळ आल्या, त्यांचे ओठ हलले, आणि राजे प्रेमभरे म्हणाले, "हो हो." विचारिले होते ते ऐसे: "बाबा, लग्न मोडू का?"

राणीसाहेब पदर तोंडास लावोन हसल्या आणि हसता हसता रडल्या, कारण आठ वर्षे प्रत्येक गोष्टीस हेच उत्तर येत होते. कन्येने राजांचा तळवा डॅशबोर्डवर ठेविला. आत बारीक थरथर होती. मग राजांस उमगले, आणि फार वाईट वाटले, की दोष कानांचा, आणि बोल मात्र बिचाऱ्या रथास लाविला.

दुसरे दिवशी शालू नेसोन मृणालदेवींनीच स्टिअरिंग धरिले. राजे शेजारी, हात डॅशबोर्डवर. "आता दुसरा टाक," म्हणाले, आणि गिअर लोण्यासारखा पडला. तिसराही तैसाच. राजांचा स्वहस्ते हाकण्याचा पण मोडला की पाळला, याविषयी दरबारात अद्याप एकमत नाही.

तात्पर्य, सायलेन्सर मूळपदी आला, रथ मूळपदी आला, कान आले नाहीत. राणीसाहेब हल्ली जे बोलणे ते राजांचा हात धरोन बोलतात. इतके लिहोन लेखणी ठेविली.