पन्नासच्या खाली

सुलेखाबाईंनी नवऱ्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, ठोक्यांचा आकडा पाहिला आणि त्याला दिसायच्या आत तो काढून स्वेटरच्या खिशात टाकला. सत्तेचाळीस!

"किती आले?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"आले की. छान आले. तुम्ही नारळ फोडा."

त्र्यंबकराव पुन्हा नारळाकडे वळले. संध्याकाळी मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एकेक पदार्थ न्यायच्या जेवणाला, ओल्या नारळाच्या वड्या न्यायच्या होत्या आणि खोवलेल्या नारळाची फ्रोझन पाकिटं विटेसारखी घट्ट झाली होती. मायक्रोवेव्हमध्ये घातलं की वड्या बिघडतात, असा सुलेखाबाईंचा ठाम सिद्धांत. त्यामुळे जन्मभर मोठमोठे पंप डिझाइन केलेला हा रिटायर्ड इंजिनियर सकाळपासून नारळाची ढेकळं हातानं फोडत उभा होता.

दिवाळीपासून त्यांना हृदयाची नवी गोळी सुरू झाली होती. डॉक्टरनं नीट समजावलं होतं, की या गोळीनं ठोके मंदावतातच, ती त्यासाठीच आहे. पन्नासच्या खाली गेले आणि चक्कर आली, दम लागला, तर फोन करा. यातली चक्कर आणि दम सुलेखाबाई क्लिनिकच्या पार्किंगमध्येच विसरल्या. पन्नास तेवढा घरी आला. अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या त्या घरात आजवर काहीच पन्नासच्या खाली गेलं नव्हतं, अगदी ऐन जानेवारीत घरातलं फॅरनहाइट तापमानसुद्धा नाही.

आता यांना सांगावं तर हे घाबरणार. घाबरले की काय होईल कोण जाणे! त्यापेक्षा ठोके गुपचूप वर आणावेत, असं त्यांनी ठरवलं. आधी त्यांनी बिनकॅफिनचा डीकॅफ बाजूला सारून आल्याचा कडक चहा केला. त्र्यंबकरावांनी तो निमूटपणे प्यायला. मग त्यांना बेसमेंटमधून मोठी परात आणायला पाठवलं. परात आल्यावर उलथनं आणायला पाठवलं. एरवी "एकदाच सांगायला काय होतं गं तुला?" म्हणून घर डोक्यावर घेणारा माणूस मुकाट्यानं जिना उतरला, मुकाट्यानं वर आला आणि पुन्हा नारळाला लागला. सुलेखाबाईंनी परत बोट धरलं. सेहेचाळीस.

ज्याचं हृदय सांभाळायचं त्यालाच आपण जिने चढायला लावतोय, हे तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. आता बसल्या जागी ठोके वाढवायचे तर एकच उपाय होता. भांडण.

"तुमच्या कांचनला," त्यांनी सुरुवात केली, "साधी पुरणपोळी लाटता येत नाही."

धाकट्या बहिणीबद्दल असं काही ऐकलं, की त्र्यंबकराव पूर्वी ताटावरून उठत. आज त्यांनी बायकोकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "खरंय तुझं."

सुलेखाबाईंनी ओट्याचा आधार घेतला. "आणि... आणि पुणं सोडून इथं आलो, तीही तुमचीच चूक!"

"असेल गं. तू जरा बस बघू."

त्या बसल्या नाहीत. कपडे धुवायच्या खोलीत गेल्या, दार लावलं आणि क्युपर्टिनोला मुलीला फोन केला. "अनया, बाबा माझं सगळं ऐकताहेत गं!"

"ओके... आई, इजन्ट दॅट गुड?"

"कांचनआत्याला नावं ठेवली, तरी हो म्हणाले!"

"ओह माय गॉड. आई, टेक हिम इन. नाउ!"

नवऱ्याला डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे दोन दिवसांची बोलणी, हा सुलेखाबाईंचा अनुभव. पण त्या बाहेर येऊन "अहो, जरा अर्जंट केअरला..." एवढं म्हणाल्या, तोवर त्र्यंबकरावांनी जॅकेट चढवलं होतं आणि दोघांची इन्शुरन्स कार्डंही घेतली होती. "चल. मी तेच म्हणणार होतो. मी चालवतो."

"मुळीच नाही! मी चालवणार."

"बरं, बरं. तू चालव. पण सावकाश. काही घाई नाही आपल्याला."

म्हणजे यांनाही आतून कळलंय, असं वाटून सुलेखाबाईंना भडभडून आलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे ढीग होते आणि डोळ्यांतल्या पाण्यानं ते आणखीच वाढल्यासारखे दिसत होते. शेजारचा माणूस प्रेमानं त्यांच्या खांद्यावर थोपटत होता, आणि तेच त्यांना सहन होत नव्हतं. हे गेले तर भांडायचं कुणाशी? एवढ्या मोठ्या घरात एकटीचंच म्हणणं बरोबर ठरून करायचं काय?

अर्जंट केअरच्या काउंटरवरच्या मुलीनं हसून विचारलं, "हू इज द पेशंट?"

"ही," त्र्यंबकराव म्हणाले.

"हे," सुलेखाबाई म्हणाल्या.

दोघांची बोटं एकमेकांकडे रोखलेली होती.

"मला काय झालंय?" सुलेखाबाई ओरडल्या.

"अगं, सकाळपासून तोंड पांढरंफटक! हात थरथरताहेत. परात मागवतेस, ती तशीच ठेवतेस, उलथनं मागवतेस, तेही तसंच. मधेच कांचनवर घसरतेस. मेंदूला काही झालं की माणसं असं वागतात. म्हटलं, हिला दुखवायचं नाही, म्हणून हो ला हो करत होतो. कांचनबद्दल ऐकून घेताना काय झालं माझं, मलाच ठाऊक!"

काउंटरवरच्या मुलीला मराठी येत नव्हतं, पण तिनं समजून उमजून दोघांचीही नावं लिहून घेतली.

आधी त्र्यंबकरावांचा ईसीजी निघाला. ठोके छप्पन, बाकी सगळं ठीक. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि चकित होऊन विचारलं, की बोटं अजून इतकी गार कशी? ओल्या नारळाच्या वड्या म्हणजे काय हे त्यांना समजावण्यात बराच वेळ गेला. थंडगार बोटांवर ते यंत्र चुकतं, एवढं सांगून त्यांनी तेच यंत्र सहज सुलेखाबाईंच्या बोटाला लावलं. एकशे अठरा! धास्तीनं झालेत, थोडा वेळ पडून राहा, मग पुन्हा बघू, असं सांगून डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या.

आता सुलेखाबाई कॉटवर होत्या आणि त्र्यंबकराव खुर्चीत. मग त्र्यंबकरावांनी खुर्ची पुढे ओढली, बायकोचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पुटपुटायला लागले.

"अहो, मशीन आहे की त्यांच्याकडे."

"मशीनचं कौतुक मला सांगू नकोस. गप्प पड. मोजतोय."

मध्येच ते चुकले आणि पुन्हा एकपासून सुरू झाले. सुलेखाबाईंना ते कळलं होतं, पण त्या बोलल्या नाहीत. हात तसाच त्यांच्या हातात ठेवून त्या पडून राहिल्या.