वहीत सही नसलेलं विमान

"माझ्या घरातून टाचणी जरी हलली, तरी मला झोपेतसुद्धा कळतं!" काकू छातीठोकपणे सांगत.

कळणारच! तीस वर्षं रुग्णालयाचं भांडार सांभाळताना त्यांनी कापसाचा बोळासुद्धा कुणाला सहीशिवाय दिला नव्हता. निवृत्तीनंतर तीच शिस्त घरी आली. कपाटाला वही टांगलेली. कात्री हवी? सही करा. छत्री हवी? सही करा, आणि वाळवून परत आणा!

आणि नेमक्या याच घरातून वस्तू गायब होऊ लागल्या. आधी गजराचं घड्याळ. मग केस वाळवायचं यंत्र. मग मिक्सर! चोरही असा चक्रम की परवा मिक्सर परत आणून ठेवला आणि शिलाई मशीन नेलं!

काकूंचा संशय गेला मावशींवर. बारा वर्षं इथली धुणीभांडी करणाऱ्या, घराची एक किल्ली जवळ असणाऱ्या मावशींवर!

"मावशी, पिशवी आज जरा फुगलेली दिसते?"

"रेनकोट आहे त्यात."

"आणि दुपारी माझा डोळा लागला की मागच्या खोलीत जाऊन दार का लावून घेता?"

मावशी गडबडल्या. "ते... सांगण्यासारखं नाही."

"बघा! सापडलात ना!"

मावशींनी किल्ली ओट्यावर आपटली. "बारा वर्षांत या घरची काडी उचलली नाही मी! दुसरी बघा!"

त्या गेल्या. चार वाजता काकूंनी सवयीने दोन कप चहा केला आणि दुसरा कप बघून त्यांना रडूच फुटलं. पण वस्तू जातात कुठे?

रविवारी काकूंच्या मुलाने नवा माहितीपट दाखवायला सगळ्यांना बसवलं. माहितीपटांसाठी आवाज तयार करणं हा त्याचा धंदा. विषय होता लढाऊ विमानांचा इतिहास. पडद्यावर शंभर वर्षांपूर्वीचं दुपंखी विमान धावू लागलं. खडखडखड... खट्!

"थांबव!" काकू ताडकन उठल्या. "हे माझं शिलाई मशीन! असंच अडखळतं ते!"

पुढच्या विमानाच्या पंख्यात मिक्सर निघाला, जेट विमानात केस वाळवायचं यंत्र आणि बाँबमध्ये गजराचं घड्याळ!

"अगं आई, त्या काळचे खरे आवाज आणू कुठून?" मुलगा पुटपुटला. "आणि तुला मागितलं की सही, कारण, परतीची तारीख..."

काकू दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून मावशींच्या दारात गेल्या. "चुकलं माझं. कान धरते. चला घरी."

"आधी तो सिनेमा दाखवा," मावशी म्हणाल्या.

पुन्हा माहितीपट लागला. हाताची घडी घालून मावशी सोफ्यावर. आता बाँबफेकी विमानांचा ताफा आला. घर्रर्र... घुर्रर्र... फुस्स! खिडक्यांची तावदानं थरथरली. निवेदक गंभीरपणे म्हणाला, "हा आवाज कानी पडताच गावंच्या गावं तळघरात लपत."

"आणि हे कुठलं यंत्र रे?" काकूंनी संशयाने विचारलं.

मुलगा छताकडे बघू लागला.

"मी सांगते," मावशी शांतपणे म्हणाल्या. "रोज दुपारी दोन ते चार. म्हणून तर मागच्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे!"

मग त्यांनी कपाटाला टांगलेली वही काढून मुलापुढे धरली.

"लिही. काकूंचं घोरणं, एक नग. आणि सही कर!"