गणूअप्पांचा डावा हात

सिंहस्थाच्या आधी पटकीची लस टोचायला पालिकेची माणसे आली, तेव्हा गणूअप्पा हंड्यात लपले, असे आमच्या तांबट आळीत अजून सांगतात. हे साफ चूक आहे. हंड्यात पुरता वाढलेला माणूस मावत नाही, आणि ज्यांना एवढे कळत नाही त्यांनी तांबटांच्या गोष्टी सांगू नयेत. ते आचाऱ्याचे तपेले होते, पालथे घातलेले, आणि मी तेथे उभा होतो. लस टोचणाऱ्याने जाता जाता त्यावर काठी वाजवली. आतून आवाज आला, "हळू. मठार बिघडेल."

म्हणजे अप्पा सापडले ते कारागिरीच्या अभिमानापायी. पुढे सुई पाहताच पहिलवानी देहाचा हा माणूस बेशुद्ध पडला, हे मात्र मी नाकारत नाही.

तांब्याच्या भांड्यावर हातोडीने बारीक खळ्यांच्या रांगा उठवतात, तो मठार. त्याने पत्रा टणक होतो. परंतु घाव पुन्हा त्याच जागी पडला की पत्रा झिजून फाटतो. त्यामुळे "ठोक्यावर ठोका घालू नये" हे अप्पांचे वेदवाक्य होते. घरी लागोपाठ पाहुणे आले तरी हेच, शेजारची सासू सुनेला दुसऱ्यांदा बोलली तरी हेच. ठोकाठोकीने कान गेलेले असल्यामुळे त्यांची कुजबुजही गोदाघाटापर्यंत पोहोचे. बायको आणि मुलगी एकाच साथीत गेल्या, तेव्हाही सांत्वनाला जमलेल्या मंडळींसमोर ते हेच वाक्य बोलले. ते कोणाला उद्देशून होते, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

शेजारच्या कारकुनाची नंदा सहा वर्षांची असताना तिला साखरेचा आजार जडला. इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठापाशी ठेवलेली असे. रोज सकाळी काचेची पिचकारी उकळायची, बापाने पाय धरायचे आणि आई सुशीलाबाईंनी सुई टोचायची. नंदा मांडीवरची एकच जागा देई. तेथे गाठ झाली होती. एके दिवशी ती बापाच्या हाताला कडाडून चावली आणि माळ्यावर जाऊन बसली. कोणालाही हात लावू देईना. अखेर शुद्ध हरपल्यावर तिला इस्पितळात न्यावे लागले. ती वाचली. "पुन्हा सुई चुकली तर मुलगी हाती लागणार नाही," असे डॉक्टरांनी बजावले.

अप्पांनी डॉक्टरांना अक्कल शिकवली, असे सांगणारे एक शहाणे आळीत आहेत. खोटे आहे. जागा बदलत राहा, हे डॉक्टरांनीच सांगितले होते. ऐकत नव्हती ती नंदा.

इस्पितळातून आल्यावर पहिल्याच सकाळी तिने फोडलेला टाहो अप्पांच्या कानांनाही ऐकू गेला. ते हातोडीसकट दारात येऊन उभे राहिले. मीही मागोमाग गेलो.

"नंदे, घे की टोचून," ते म्हणाले.

"तुम्हाला काय जातंय सांगायला? तुम्ही तर तपेल्यात लपता."

आळीत त्यांना हे तोंडावर कोणी बोलले नव्हते. अप्पांनी हातोडी खाली ठेवली, मांडी घातली आणि डावी बाही वर सारली.

"आधी तू मला टोच. मग तुझी पाळी."

"अप्पा, तुम्ही पडाल हो," सुशीलाबाई म्हणाल्या.

"बसलेला माणूस किती पडणार?"

सुशीलाबाईंनी एक जुनी, बोथट झालेली सुई वेगळी उकळून दिली. नंदाने ती टोचली. अप्पांचा चेहरा राखेसारखा झाला, कपाळ घामाने डबडबले, मान भिंतीला टेकली. पण शुद्ध गेली नाही. डोळे मिटूनच ते म्हणाले, "उद्या शेजारी. ठोक्यावर ठोका घालू नये. मठार रांगेत पाहिजे."

नंदाने त्यांच्या दंडाकडे पाहिले, मग स्वतःच्या मांडीकडे. गाठीपासून दूर एका जागी तिने बोट ठेवले. "आई, आज इथं."

त्या दिवशी तिचे पाय कोणी धरले नाहीत.

पुढे नंदा मोठी झाली, स्वतःच टोचून घेऊ लागली, कॉलेजात गेली. आणि एका सकाळी अप्पा उठलेच नाहीत. अंघोळ घालताना त्यांचा डावा हात सर्वांना दिसला. मनगटापासून खांद्यापर्यंत बारीक काळ्या ठिपक्यांच्या रांगा होत्या, भांड्यावर असतात तशा. लगेच कोणी म्हणाले, म्हाताऱ्याने साखर लपवली होती. दुसऱ्याने अफूचा संशय काढला. मी तोंड उघडणार, तोच नंदा पुढे झाली.

"साखर मला आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मला वर्षभरातच सवय झाली होती, काका. पण सकाळी मी गेले की ते बाही वर करून, डोळे घट्ट मिटून बसलेले असायचे. आता नको, असं कोणत्या तोंडानं सांगू?"

तिने त्यांचा डावा हात पुसला आणि अंगाशी नीट ठेवला. मग उजवा हात उचलून मांडीवर घेतला. त्यावर एकही ठिपका नव्हता.

"तिकडे जागा उरली नव्हती," ती म्हणाली. "आजपासून हा धरायचा, असं कालच ठरलं होतं आमचं."