मैत्रीच्या बाकाला चिकटलेला माणूस

बाक करावा तर मीच! हे मी म्हणत नाही, आमच्या शाळेतल्या मुलांच्या पाठी म्हणतात. या शाळेत सुतारकाम करता करता माझे केस पिकले, पण मी केलेला एकही बाक कधी कुरकुरला नाही. कुरकुरते ती फक्त माझी बायको.

बायको त्याच शाळेचं कॅन्टीन चालवते. एका शेगडीवर सुरू केलेलं कॅन्टीन तिने नावारूपाला आणलं. तिच्या चहाबद्दल कुणाची तक्रार नाही, तक्रार आहे ती आवाजाबद्दल. तिने "चहा झालाऽऽ" म्हटलं की शेजारच्या इमारतीतली माणसं कप घेऊन उठतात! मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, तो आवाज सोसत नसे. त्यांच्या डोक्यात चहाचं यंत्र बसवायचं घाटत होतं. बटण दाबा, चहा पडतो.

"यंत्र ओरडत नाही," बाई एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या.

कॅन्टीन गेलं असतं तर बायकोचा जीव गेला असता. आणि ती दिवसभर घरी बसली असती तर माझा!

अशात शाळेत एक मोहीम आली. दादागिरी बंद, मारामारी बंद, नशा बंद. ती शिकवायला एक समुपदेशक बाई आल्या. इतकं हळू बोलायच्या की पोरांनी त्यांचं नाव हळूबाई ठेवलं. त्यांनी काही मुलं निवडली, त्यांच्या दंडाला निळ्या फिती बांधल्या आणि त्यांना 'मित्रदूत' केलं. मैदानात एक 'मैत्रीचा बाक' ठेवायचा ठरलं. त्यावर जो बसेल तो दुःखी, हे समजून घ्यायचं. त्याच्यासमोर खाली बसायचं, डोळ्यांत बघायचं आणि विचारायचं, "काय झालं? कोणी केलं? आम्ही काय करू?"

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," हळूबाई म्हणाल्या, "ज्याचा छळ होतो तो आधी 'काही नाही' म्हणतो. 'काही नाही' या उत्तरावर कधीही विश्वास ठेवायचा नाही!"

मी तेव्हा सभागृहाची खिडकी दुरुस्त करत होतो. मला ते इतकं पटलं की मी खिडकीवरूनच टाळ्या वाजवल्या आणि हातोडी अंगठ्यावर पाडून घेतली.

शेवटी मोठ्या बाई उभ्या राहिल्या. "ज्याची दादागिरी सिद्ध होईल तो त्याच दिवशी शाळेबाहेर! मग तो विद्यार्थी असो, शिक्षक असो, नाहीतर आणखी कुणी." 'आणखी कुणी' म्हणताना त्यांनी कॅन्टीनकडे पाहिलं.

शाळा कितपत निर्भय झाली हे तपासायला वरून एक साहेब येणार होते. आदल्या दिवशी बाईंनी मला बोलावलं.

"उद्या सकाळी बाक हवा. रंगासकट."

"रंगासकट, नावासकट!" मी म्हणालो.

"वाळेल ना पण?"

"बाई, माझा रंग मला विचारून वाळतो!"

बाक झकास झाला. निळा रंग चढवला. पहिला हात वाळायच्या आतच दुसरा दिला, कारण मला तो फिका वाटला. मग पाठीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत 'मैत्रीचा बाक' असं लिहिलं. मी लिहायला शिकलो तोच मुळी चाळिशीनंतर, त्यामुळे अक्षरं काढताना माझा हात जरा सढळच असतो. रंगही सढळ पडला.

सकाळी मी तळहात लावून पाहिला. कोरडा! 'ओला रंग' अशी पाटी लावली होती ती अभिमानाने काढली, खिशात घातली, आणि मालक बसतो तसा ऐसपैस टेकून बसलो.

आता रंगाचं असं असतं की वरून साय धरते आणि खाली सगळं पातळच राहतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माझ्या बुडाखालची साय फुटली तेव्हा ते आठवून काय उपयोग?

उठायला गेलो. बाक म्हणाला, बस! पुन्हा जोर केला. विजार करकरली. नवी विजार! बायकोने स्वतः निवडून आणलेली! मी मुकाट्याने बसलो आणि माणसाला न उठता घरी कसं जाता येईल याचा विचार करू लागलो.

एवढ्यात निळ्या फिती धावत आल्या. सगळ्यांत पुढे एक चष्मेवाली. ती माझ्यासमोर मातीत बसली आणि नजर रोखून म्हणाली, "सुतारआजोबा, काय झालं?"

रंग ओला आहे म्हणून सांगावं, तर कालची फुशारकी आठवली.

"काही नाही," मी म्हणालो.

पोरांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर एक्स-रे बघून एकमेकांकडे पाहतात.

"कोणी केलं, आजोबा?"

"कोणी काय करणार? सहज बसलोय. जा बरं वर्गात!"

"अंगठ्याला काय झालं?"

"हातोडी लागली."

"सगळे असंच सांगतात," चष्मेवाली मायेने म्हणाली. "पडलो, धडकलो, हातोडी लागली."

मागचा एक जाड्या नाक फुलवत पुढे आला. "अगं, आजोबांना कसला तरी वास येतोय!"

"थिनर आहे रे तो! रंगात घालतात!"

"हुंगतात पण," जाड्या म्हणाला. "छळामुळे माणूस नशेकडे वळतो. आपल्याला चित्र दाखवलं होतं ना? अगदी असाच माणूस होता. अशीच दाढी!"

मी तोंड उघडणार तोच कॅन्टीनच्या खिडकीतून तोफ धडाडली. बायकोने लांबूनच ओळखलं होतं, मी का उठत नाही ते. चाळीस वर्षांचा संसार आहे!

"अहोऽऽ! तिथंच बसा! जागचे हललात तर याद राखा! आज तुमची काही धडगत नाही!"

चष्मेवालीचा चष्मा नाकावर घसरला.

"कॅन्टीनआजी!" ती पुटपुटली.

"नाही नाही! ती तशी नाहीये गं! मनाने फार चांगली आहे!"

"बघितलंत?" ती बाकीच्यांना म्हणाली. "पाठीशी घालतायत. किती घाबरलेत!"

जाड्या हळूबाईंना आणायला पळाला. हळूबाई मोठ्या बाईंना घेऊन आल्या. आणि मोठ्या बाईंबरोबर कोण? तपासणीचे साहेब! पांढरी स्वच्छ पँट, पांढरा कोट, चेहऱ्यावर करुणा. जाड्याने तोपर्यंत सगळा अहवाल देऊन टाकला होता. मारहाण, धमकी आणि नशा. तिन्ही एकाच म्हाताऱ्यात! साहेबांना एवढा भरगच्च नमुना दुसऱ्या कुठल्याच शाळेत मिळाला नसणार.

मोठ्या बाईंचा चेहरा उजळला. त्यांना यंत्र दिसायला लागलं.

"साहेब, आम्ही कुणाचीही गय करत नाही. आजच्या आज कॅन्टीन बंद करतो!"

गेली ती फुशारकी खड्ड्यात!

"बाई, थांबा! तिचा काही दोष नाही! सगळी चूक माझी आहे! रंग ओला आहे आणि मी चिकटलोय!"

हळूबाईंनी डोळे टिपले. "स्वतःलाच दोष देतायत," त्या साहेबांना हळूच म्हणाल्या. "ही शेवटची पायरी असते."

"अहो, खरंच चिकटलोय!"

"हो, काका," त्या म्हणाल्या, "अशा नात्यात माणूस चिकटूनच राहतो."

साहेबांना मुलांसारखं मातीत बसणं जमेना, गुडघे वाकत नव्हते. "मी यांच्याशी बोलतो," म्हणत ते माझ्या शेजारीच टेकायला लागले.

"साहेब, बसू नका!" मी ओरडलो.

"घाबरू नका. मी आहे ना," साहेब म्हणाले, आणि बसले. चांगले पाठ टेकून बसले! माझ्या खांद्यावर हात ठेवला.

इतक्यात बायको आली. मला सोडवायला आली होती बिचारी! एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात तेलाची बाटली आणि खांद्यावर फडकं.

"सरका रे पोरांनो! यांना आता खरवडूनच काढते!"

"हत्याऽऽर!" जाड्या किंचाळला. निळ्या फितींनी हातात हात घालून बाकाभोवती साखळी केली. तालमीत शिकवलेली साखळी, पण काय पक्की! मोठ्या बाईसुद्धा त्या साखळीमागे लपल्या.

"अगं, उलथनं आहे ते!" बायको.

"खाली ठेवा, आजी! आम्ही तुमचंही ऐकून घेऊ!" चष्मेवाली.

"माझं ऐकायला या घोड्याला चाळीस वर्षं पुरली नाहीत, तुम्ही काय ऐकणार?"

"शांतता! शांतता!" असं म्हणत साहेब अधिकाराने उठले.

म्हणजे उठायला गेले. टर्र्र्!

आवाज लहानच होता, पण सगळ्यांना कळला. साहेब तसेच परत खाली बसले. चेहरा आधी लाल झाला, मग कोटाच्या रंगाचा.

"साहेब, काय झालं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

साहेब म्हणाले, "काही नाही."

चष्मेवाली लगेच साखळीतून सुटली, साहेबांसमोर मातीत बसली आणि डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "काका, कोणी केलं?"

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

त्यानंतर मैदानात एकच माणूस कामाचा उरला, ती माझी बायको. तिने सगळ्या पोरांना पाठमोरं उभं केलं, तेल ओतलं, उलथनं घातलं आणि साहेबांना धिरड्यासारखं अलगद सोडवलं. पँटचा मागचा भाग बाकावरच राहिला. तिने अंगातला एप्रन काढून साहेबांच्या कमरेला बांधला आणि त्यांना कॅन्टीनच्या आतल्या खोलीत नेऊन बसवलं. चहा दिला. ठिगळ लावून दिलं. आणि हे सगळं करताना एकदासुद्धा ओरडली नाही! ओरडायचं सगळं तिने मला खरवडून काढायच्या वेळेसाठी राखून ठेवलं होतं.

साहेब गेले तेव्हा त्यांच्या कोटाच्या पाठीवर 'मैत्रीचा' हा शब्द उलटा उमटला होता. 'बाक' माझ्या सदऱ्यावर होता. ते निघताना मोठ्या बाईंनी चाचरत यंत्राचा विषय काढला.

साहेबांनी विचारलं, "यंत्र एप्रन देतं का?"

तो विषय तिथेच मिटला. कॅन्टीन वाचलं! मला वाटलं, मीही वाचलो. पण मित्रदूतांची बैठक बसली आणि तिने निकाल दिला की आजी निर्दोष, साहेबांना त्रास देणारे सुतारआजोबाच. मला सगळ्या शाळेसमोर माफी मागावी लागली. जाड्याने मला नशेपासून दूर राहायची शपथही दिली. थिनरची बाटली आता हळूबाईंच्या कपाटात असते आणि ब्रश धुवायचा तर मला त्यांची परवानगी घ्यावी लागते!

तो बाक शाळेला नको झाला. बायकोने तो घरी आणवला आणि दाराशी ठेवला. आता तो ठणठणीत वाळलाय, कुणीही बसावं.

बसते मात्र तीच. रोज संध्याकाळी, हाताची घडी घालून. आणि मोहिमेचे सगळे नियम तिने चष्मेवालीकडून तोंडपाठ करून घेतलेत. त्यामुळे मला समोर जमिनीवर बसावं लागतं. गुडघे कटकट वाजतात. मी डोळ्यांत बघतो आणि विचारतो, "काय झालं?"

ती म्हणते, "काही नाही."

उठायची सोय नाही हो! त्या नियमाला खिडकीवरून टाळ्या मीच वाजवल्या होत्या ना?