ठोक्याची पट्टी

दौलततात्यांकडे रेडिओ दुरुस्तीला घेऊन गेलं की ते आधी रेडिओ बघायचे नाहीत, आपलं मनगट धरायचे. आपण "असू दे, असू दे" म्हणेपर्यंत नाडीवर काळ्या रबराची एक पट्टी चिकटलेली असायची. मग तिच्या वायरीला जोडलेल्या, जुन्या रेडिओच्या उघड्या डब्यातून आपलंच काळीज टक टक करत सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू यायचं. "बसा की पावणं," तात्या म्हणायचे, "कातडी खोटं बोलत न्हाय." रेडिओ मात्र महिनाभर तसाच पडून.

मंगळवार पेठेत त्यांचं दुकान आमच्या दारासमोर. पट्टी त्यांचाच शोध. फुगा फाडायचा, त्यावर शिसपेन्सिलीचं शिसं कुटून घोटायचं आणि दोन्ही टोकांना वायरी लावायच्या. नाडी उडाली की रबर ताणलं जातं, ताणलं की वीज अडते, अडली की डबा वाजतो. मी शाळेत मास्तर, तरी एवढंच मला कळलेलं विज्ञान. हल्ली पेपरात येतं, पेन्सिलीच्या शिशातल्याच कार्बनचा ग्राफीन नावाचा पातळ थर काढतात म्हणे, त्याच्या पट्ट्या कातडीवर लावून तब्येत बघतात. ते वाचलं की मला तात्यांचे काळे अंगठे आठवतात. तेव्हा मात्र आम्ही हसायचो.

एकदा ते तालमीत गेले आणि बैठका मारणाऱ्या एका पैलवानाच्या छातीवर पट्टी लावून डोळे मिटून ऐकत बसले. अंगाला तेल आणि तांबडी माती, पट्टी टिकणार कशी? ती सुटून पडली आणि डबा गप्प झाला. तात्यांनी डोळे न उघडताच हंबरडा फोडला, "गेला रं गेला, पाणी आणा कुणीतरी." पाणी आणून दिलं ते त्या पैलवानानंच. पुढं कित्येक महिने गल्लीतली माणसं तात्यांना बघून "पाणी आणा" म्हणत होती.

या वेडाचं कारण घरातच होतं. त्यांच्या बायकोचं, हौसाकाकींचं काळीज अधू, ठोका मध्येच चुकायचा. काकी मागं स्वयंपाकघरात, तात्या पुढं दुकानात. तात्यांनी मधल्या भिंतीला भोक पाडून वायर आत ओढली आणि काकींच्या मनगटाला पट्टी लावली. दिवसभर दुकानात त्यांचा ठोका वाजायचा. टक, टक, टक, मग एक खड्डा, मग पुन्हा टक. खड्डा पडला की तात्यांचा हात थांबायचा, ते "हं" म्हणायचे आणि कामाला लागायचे. आतून काकी ओरडायच्या, "भाकरी थापू का वायर सांभाळू? मी काय रेडिओ हाय व्हय?" आणि वैतागून पट्टी काढून ठेवायच्या.

एका दुपारी डबा असाच गप्प झाला. तात्यांना वाटलं, काकींनी पट्टी काढली. तालमीतल्या फजितीनंतर गप्प डब्याला घाबरायचं त्यांनी सोडलं होतं. हातातलं काम संपवून ते सावकाश आत गेले. काकी पाटावरच कलंडलेल्या होत्या, पट्टी मनगटालाच होती.

तेराव्यानंतर दुकान उघडलं आणि गल्लीला कापरं भरलं. डबा वाजत होता. टक, टक, टक, एक खड्डा, टक. तोच चुकार ठोका. बायका पदर ओढून पलीकडच्या कडेनं जायला लागल्या. माझी आई म्हणाली, "हौसा अजून सैपाकघरातच हाय. जाऊन बघ जा."

मी गेलो. तात्या एक रेडिओ उघडून बसले होते, दोन्ही हात कामात. वायर भिंतीच्या भोकातून आत गेलेली.

"आत कोण आहे, तात्या?"

"जाऊन बघा की, मास्तर."

वायर धरून मी आत गेलो. खोटं कशाला सांगू, आधी दारातूनच डोकावलो. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. बाहेर ठोका मात्र चालू होता. वायर काकींच्या पाटापर्यंत गेली होती, पाटाला एक वेढा घालून दुसऱ्या भोकातून परत दुकानात आली होती. मी तिच्यामागं परत आलो. ती तात्यांच्या सदऱ्यात शिरत होती.

"म्हणजे हा ठोका तुमचा?"

"सरळ जोडली की माझा," तात्या म्हणाले. "तिकडनं फिरून आली की तिचा वाटतोय."

"पण हा चुकतोय, तात्या. डॉक्टरला दाखवा."

"दाखवलाय की." त्यांनी फळीवरचं गोळ्यांचं पाकीट दाखवलं. एकही गोळी फोडलेली नव्हती. "घेतल्या की ठोका सरळ हुईल म्हणतोय. सरळ झाला तर ती कुठली ऐकू यायची मला?"

मला राग आला. म्हणालो, "काकी असत्या तर गोळी गिळेपर्यंत लाटणं घेऊन समोर बसल्या असत्या."

तात्या पहिल्यांदा हसले. पाकीट खाली काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "उद्या सकाळी तुम्हीच द्या. आज शुक्रवार हाय. अंबाबाईचा उपास असायचा तिचा, ठोका लई चुकायचा. आजचा दिवस ऐकू द्या."

मी स्टुलावर बसलो. थोड्या वेळानं डब्यात खड्डा पडला. लगेच पुढचा टकही झाला. तरी तात्या हातातलं काम टाकून उठले, छातीची वायर सांभाळत आत गेले, पाटाकडं बघून आले आणि मग कामाला बसले.